शरणपूरची मुलं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरं पुष्कळ. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, त्या तळाचंच शहर झालं आणि फौजेबरोबर आलेले सरदार, कारकून, भिक्षुक सगळे इथलेच होऊन गेले. आमचं घर त्या ओळीतलं नव्हे. आमचे आजोबा आले ते जीआयपी रेल्वेच्या नोकरीवर, मनमाडहून झाशीला आणि झाशीहून ग्वाल्हेरला. शिवाय आम्ही ख्रिस्ती. बाड्यावरच्या मराठी शेजारणींसाठी आजी ‘नाशिकच्या बाई’, तर मुरारच्या चर्चमधल्या हिंदी बायकांसाठी ‘मराठी अम्मा’. रविवारची उपासना हिंदीत व्हायची. संध्याकाळची घरातली प्रार्थना मात्र मराठीतच झाली पाहिजे, असा तिचा नेम होता आणि तो तिने मरेपर्यंत मोडला नाही.

ती नाशिकच्या शरणपूरची. तिचं शरणपूर आम्हा नातवंडांना आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होतं. विहीर कुठे, देऊळवजा दिसणारं पाद्र्याचं घर कुठे, सुतारकामाचा कारखाना कुठे, सगळं. तिने सांगितलेलं सगळंच तिने पाहिलेलं नव्हतं. अर्धंअधिक तिच्या आजीचं होतं. थंडीत गच्चीवर मटार सोलत बसली की ती बोलायला लागायची, आणि मध्येच ‘हे माझ्या आजीचं हं, माझं नाही’ असं सांगून दोन्ही पिढ्या नीट वेगळ्या ठेवायची. इतिहास लिहिणाऱ्या भल्याभल्यांना ही शिस्त नसते.

रविवारच्या शाळेत आम्हाला मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगत. केरी, जडसन आणि मग लिव्हिंगस्टन. आफ्रिकेच्या जंगलात लिव्हिंगस्टन गुडघ्यावर प्रार्थना करता करता मेला आणि त्याच्या विश्वासू काळ्या नोकरांनी त्याचं प्रेत समुद्रापर्यंत वाहून आणलं, असा धडा होता. घरी येऊन मी तो आजीला म्हणून दाखवला. तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

“नोकर कुठले?” ती म्हणाली. “आमच्या शरणपूरची पोरं ती. मराठी बोलायची. माझ्या आजीबरोबर खेळलेली.”

मला ते खरं वाटलं, कारण आजी सांगत होती. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले. ग्रंथालयांतून जुने अहवाल, लिव्हिंगस्टनची शेवटची रोजनिशी, चर्च मिशनरी सोसायटीचे वृत्तान्त वाचले, आणि आजीच्या बोलण्यातला गाभा खरा निघाला. तिने थोडं वाढवलं होतं, ते पुढे सांगेन. पण गाभा खरा होता. ग्रामीण आफ्रिकेत जाऊन ख्रिस्ती सेवा केली अशा माणसांची आपण नावं घेतो, त्यांत नाशिकच्या एका वस्तीत वाढलेली माणसं होती, आणि आपल्या मराठी मंडळींनाच त्याची गंधवार्ता नाही. हे मला फार लागतं.

ती मुलं नाशिकला आली कशी, हे आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसं पकडून किल्वा, झांजिबार या बंदरांवर विकली जात. तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणच्या आखाताकडे त्यांची रवानगी होई. इंग्रजी आरमाराची जहाजं अशी गलबतं धरत. धरलेल्या गलबतातली माणसं कायद्याने मोकळी झाली, पण त्यांना नेणार कुठे? ज्या गावातून उचललं ते गाव जळून गेलेलं, आईबाप मेलेले किंवा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. त्यातली बरीच मुंबईला आणली गेली. सहा-सात वर्षांची, आठ-दहा वर्षांची मुलं. मुंबईतून काही जण मिशनांच्या हवाली झाले आणि त्यातले कित्येक नाशिकला पोचले.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम 1832 पासून होतं. गोदावरीकाठच्या क्षेत्रात ख्रिस्ती झालेल्या माणसाला जातीबाहेर टाकलं की ना विहीर, ना घर, ना धंदा. म्हणून 1850 च्या दशकात मिशनने गावाबाहेर स्वतंत्र वस्ती वसवली, तिचं नाव शरणपूर. पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस आणि इझेनबर्ग यांची नावं या वस्तीशी जोडलेली आहेत. इथेच आफ्रिकन मुलांसाठी आश्रम उघडला. मुलांना लिहिणं-वाचणं, शास्त्र, इंग्रजी आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. नावं मिशनऱ्यांनी ठेवलेली. कुणाला पाद्र्याचं आडनाव, कुणाला देणगी देणाऱ्या विलायतेतल्या घराण्याचं. आपली आधीची नावं बऱ्याच जणांची विसरली गेली. मॅथ्यू वेलिंग्टन या मुलाचं चेंगविंबे हे नाव तेवढं टिकलं, कारण तो म्हाताऱ्या वयापर्यंत जगला आणि कुणीतरी त्याला बसवून विचारलं.

आजीच्या आजीचे वडील त्या कारखान्यात सुतारकाम शिकवायचे, असं आमच्या घरात सांगतात. त्यामुळे तिचं बालपण या मुलांत गेलं. शरणपूरचे लोक त्यांना शिद्दी म्हणायचे. मुलीही होत्या. त्यातली एक तिची जिवाची मैत्रीण. दोघी मिळून सागरगोटे खेळायच्या, विहिरीवर जायच्या, पाद्रीणबाईंकडे शिवण शिकायच्या. ती शिद्दी मुलगी अस्सल नाशिककडचं मराठी बोलायची. रात्री झोपेत मात्र कधी कधी दुसऱ्याच भाषेत ओरडून उठायची आणि सकाळी विचारलं तर त्यातला एक शब्दही तिला आठवत नसे. आजी हे सांगताना थांबायची. मला वाटतं, तिच्या आजीनेही तिथेच थांबून सांगितलं असणार.

आता लिव्हिंगस्टन. 1864 च्या जूनमध्ये तो आपली ‘लेडी न्यासा’ नावाची छोटी आगबोट हाकत झांजिबारहून थेट मुंबईला आला. पावसाळ्याच्या तोंडावर, नदीतल्या एवढ्याशा बोटीतून अडीच हजार मैलांचा समुद्र. बरोबर चुमा आणि वेकोतानी ही दोन मुलं होती. त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून तो विलायतेला गेला. 1865 साली परत आला तेव्हा नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराची खरी हकिकत जगापुढे मांडायची, असं त्याने मनाशी धरलं होतं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर त्याच्या पाठीशी होते. त्याच साली कसारा घाटातून रेल्वे सुरू झाली होती. लिव्हिंगस्टन नाशिकला येऊन गेला आणि शरणपूरच्या आश्रमातली नऊ मुलं मोहिमेसाठी निघाली.

1866 च्या जानेवारीत मुंबईहून जहाज सुटलं. बरोबर मुंबईच्या पलटणीतले तेरा शिपाई होते, नऊ नाशिककर होते, चुमा आणि वेकोतानी होते. पुढे कोमोरो बेटांवरची माणसं घेतली. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीचा कुठल्या जनावरावर किती परिणाम होतो हे पाहायचं म्हणून उंट, म्हशी, खेचरं, गाढवंही नेली. जनावरं काही महिन्यांत मेली. शिपाई परतले. कोमोरोची माणसं पळाली आणि जाऊन सांगितलं की साहेब मेला.

आणि नाशिकची मुलं? इथे आजीचं आणि कागदपत्रांचं जमत नाही. आजीच्या गोष्टीत नऊच्या नऊ मुलं शेवटपर्यंत साहेबाबरोबर होती. लिव्हिंगस्टनची रोजनिशी वाचली तर त्यात त्यांच्याविषयी कितीतरी तक्रारी आहेत. आळशीपणा करतात, सामान टाकतात, शिपायांच्या नादाला लागतात. रिचर्ड वाटेतच आजाराने गेला. जेम्स बाण लागून मेला. बरेच जण वेगळे झाले. शेवटपर्यंत टिकले ते दोघे, एडवर्ड गार्डनर आणि मबरूकी म्हणून ओळखला जाणारा नथानिएल. पण मी आजीची बाजू घेणार आहे. विशीच्या आतबाहेरची ही मुलं. ज्या भूमीतून त्यांना लहानपणी गळ्यात जू अडकवून ओढत नेलं, त्याच वाटांवर त्यांना पुन्हा चालायला लावलं होतं. वाटेत त्यांना गुलामांचे तांडे भेटत. झाडाला बांधून मरायला सोडलेल्या बायका त्यांनी पाहिल्या. रोजनिशीत हे सगळं लिव्हिंगस्टनच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. त्या मुलांना ते कसं दिसलं असेल, हे तिथे कुठेच नाही. सात जण टिकले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. दोघे सात वर्षं टिकले, हे मला मोठं वाटतं.

1871 साली पत्रकार स्टॅनलेने लिव्हिंगस्टनला उजीजीला गाठलं, ती गोष्ट जगाला ठाऊक आहे. स्टॅनले परत गेल्यावर त्याने लिव्हिंगस्टनसाठी जी ताज्या दमाची माणसं पाठवली, त्यात नाशिकच्या मुलांची दुसरी तुकडी होती. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन आणि त्यांचे सोबती. 1872 च्या ऑगस्टमध्ये ते लिव्हिंगस्टनला जाऊन मिळाले. पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत, चितांबोच्या गावी, बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीजवळ, लिव्हिंगस्टन गेला.

आता जे घडलं ते मला सावकाश सांगायचं आहे, कारण हेच आजी सगळ्यात जीव लावून सांगायची आणि इथे तिने एक गोष्ट सोडली तर काहीही वाढवलेलं नव्हतं.

त्या मुलखात परक्याचं प्रेत जवळ असणं म्हणजे संकट. गावकऱ्यांनी चेटूक म्हणून दंड मागितला असता, मारलंही असतं. सुसी आणि चुमा हे जुने सोबती पुढारी झाले. प्रेत इथे पुरायचं नाही, समुद्रापर्यंत न्यायचं, असं ठरलं. पण नोंदही राहिली पाहिजे. तिथे लिहिता-वाचता येणारा मुलगा म्हणजे शरणपूरचा जेकब. साहेबाच्या पेट्या सर्वांसमोर उघडून त्याने प्रत्येक वस्तूची यादी केली, म्हणजे उद्या कुणी चोरीचा आळ घेऊ नये. गावापासून थोडं दूर कूड घालून वर उघडी अशी झोपडी बांधली. झांजिबारला एका डॉक्टरकडे काम केलेला फरिजाला आणि आपला कॅरस फरार यांनी प्रेत फाडून काळीज आणि आतडी काढली. ती पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. पुरताना जेकबने प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची उपासना वाचली. शरीरात मीठ भरलं, तोंडाला दारू लावली आणि चौदा दिवस उन्हात वाळवलं, रोज कूस बदलून. मग कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वर शीड शिवलं आणि डांबर फासलं. झाडावर जेकबने नाव आणि तारीख कोरली. त्या झाडाचा तो तुकडा पुढे लंडनला नेऊन ठेवला आहे.

मग चालणं. हजारावर मैल. आजारपण, एका गावाशी चकमक, वाटेत मेलेले सोबती. उन्यान्येंबेला त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. तो लिव्हिंगस्टनच्याच शोधात निघाला होता. त्याने सुचवलं, इथेच पुरा आणि मोकळे व्हा. गोऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं त्यांनी ऐकलं नाही. पुढे कासेकेरा गावात लोकांनी प्रेत नेऊ द्यायला साफ नकार दिला. तेव्हा या मंडळींनी काय करावं? ज्वारीच्या ताटांची जुडी बांधली, ती प्रेतासारखी कापडात गुंडाळली आणि ‘बरं, आम्ही परत नेऊन पुरतो’ असं म्हणून काही माणसांच्या खांद्यावर गाजावाजा करत उलट वाटेला लावून दिली. दूर गेल्यावर त्यांनी जुडी सोडून एकेक ताट झाडीत फेकलं आणि रातोरात परत आले. तोवर इकडे खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून ओझ्यांत मिसळून गेलं होतं. आजी हा भाग सांगायची तेव्हा मटाराच्या शेंगा कापडात बांधून दाखवायची. आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो.

1874 च्या फेब्रुवारीत ते समुद्रकाठी बागामोयोला पोचले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रेत ताब्यात घेतलं, माणसांचे पगार चुकते केले आणि बहुतेकांना तिथूनच निरोप दिला. विलायतेच्या जहाजावर प्रेताबरोबर गेला तो एकटा जेकब, तोही मिशनने खर्च केला म्हणून. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्या आठ जणांत स्टॅनलेसोबत शरणपूरचा जेकब वेनराइट होता. तिथल्या दगडावर लिहिलं आहे की विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून त्याला इथे आणलं. त्या हातांची नावं दगडावर नाहीत.

आजी सांगायची, ‘प्रेत उचलणारी सगळी पोरं आमचीच.’ तसं नव्हतं. साठेक माणसांत झांजिबारची, किनाऱ्यावरची, आतल्या मुलखातली माणसं जास्त होती, बायकाही होत्या. नाशिकची मुलं मूठभर. पण ज्याने यादी केली, ज्याने प्रार्थना वाचली, ज्याने झाडावर कोरलं तो मुलगा गोदाकाठी अक्षर गिरवायला शिकला होता. एवढं आजीला पुरेसं होतं आणि मलाही पुरेसं आहे.

लिव्हिंगस्टनमुळे ही मुलं थोडीफार तरी पुस्तकांत आली. माझ्या मते मात्र त्यांची खरी मोठी कामगिरी त्यानंतरची आणि त्याहून कमी गाजलेली आहे. मोंबासाजवळ राबाई नावाचं खेडं आहे. तिथे क्राप्फ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1840 च्या दशकात काम सुरू केलं होतं. वर्षानुवर्षं खपून हाताला फारसं काही लागलं नव्हतं. रेबमान एकटा पडला, त्याची दृष्टी जात चालली. त्याच्या मदतीला 1864 साली हिंदुस्थानातून जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर गेले. तिघेही गुलामीतून सुटून इकडे मिशनमध्ये वाढलेले. बरोबर त्यांच्या बायका होत्या, त्याही तशाच सोडवलेल्या. मोंबासाच्या लोकांनी या सगळ्यांना पुढे ‘बॉम्बे आफ्रिकन’ असं नाव दिलं.

1873 साली फ्रिअर झांजिबारच्या सुलतानाकडे करार करायला गेले, तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सोडवलेल्या माणसांची सोय आता आफ्रिकेतच करावी, असं ठरलं. मोंबासा बेटासमोर किनाऱ्यावर जमीन घेतली, वस्तीला फ्रिअरटाउन नाव दिलं. ती वसवायला गेले ते शरणपूरचेच प्राइस पाद्री. त्यांच्यामागून शरणपूरची शंभरावर आफ्रिकन माणसं निघाली. सुतार, लोहार, शिक्षक, शिवणकाम शिकलेल्या बाया. आश्रम रिकामा झाला.

आजीच्या आजीची मैत्रीण त्यातच गेली. शरणपूर सोडायच्या आदल्या रात्री दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मोठी माणसं म्हणत होती, ‘ही लेकरं आता परत आपल्या घरी चालली.’ ती मुलगी म्हणाली, “परत कुठं गं? मला तर इथलंच सगळं ठाऊक.” सकाळी बैलगाड्या स्टेशनकडे निघाल्या. पाद्र्याच्या घरापासून फाट्यापर्यंत शरणपूरचे लोक गाड्यांमागून चालत गेले. कुणी भाकऱ्या बांधून दिल्या, कुणी लोणच्याची बरणी. पत्र येईल, असं ठरलं होतं. ते आलं नाही. त्या मुलीचं नाव आजीच्या आजीला अर्थातच ठाऊक होतं. आजीपर्यंत पोचेतो ते गळालं. आजी नुसतं ‘माझ्या आजीची शिद्दीण’ म्हणायची.

या माणसांनी तिथे काय केलं? शाळा काढल्या, घरं बांधली, शेती लावली, आजाऱ्यांना पाहिलं, रविवारी उपासना घेतली. हे सगळे मिशनरी करतात. पण राबाईला आणखी एक गोष्ट झाली. किनाऱ्यावरच्या बागाइतदारांचे गुलाम पळून राबाईच्या आसऱ्याला येऊ लागले. पळालेला गुलाम ठेवून घेणं तिथल्या कायद्याने गुन्हा होता. गोरे अधिकारी आणि वरचे पाद्रीही कचरत होते. मालक हत्यारं घेऊन चालून येण्याच्या धमक्या देत. विल्यम जोन्सच्या देखरेखीखाली असलेल्या त्या गावात तरीही माणसं येत राहिली, वसत राहिली. पळून आलेला गुलाम दाराशी उभा असताना परत जा म्हणणं एखाद्या साहेबाला नियमावर बोट ठेवून जमलं असतं. जो स्वतः लहानपणी विकला गेला, त्याला कसं जमावं? अखेर 1 जानेवारी 1889 ला पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रज कंपनीने मालकांना भरपाई देऊन चौदाशेहून जास्त माणसांच्या हातात मुक्ततेचे कागद दिले. त्या दिवशीचं राबाई मी किती वेळा डोळ्यांपुढे आणलं आहे, त्याची मोजदाद नाही.

जोन्स आणि सेमलर यांना 1885 साली बिशप हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर निघाला, तेव्हा जोन्स त्याच्याबरोबर होता. हॅनिंग्टन थोडी माणसं घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरअखेर मारला गेला. मोठा तांडा जोन्सच्या हाती होता. त्याने वाट पाहिली, बातमीची खात्री केली आणि शेकडो मैल चालून तांडा सुखरूप परत आणला. 1886 च्या फेब्रुवारीत ते राबाईत शिरले तेव्हा निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’, म्हणजे ‘वैभव गेलं’, असं लिहिलेलं होतं. शमुवेलाच्या पुस्तकातली ती गोष्ट ठाऊक असलेल्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

एवढं करूनही त्यांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीने कधी वागवलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. पगार कमी, अधिकार कमी, नवखा गोरा तरुण आला की वीस वर्षं काम केलेल्या माणसाने त्याच्या हाताखाली जायचं. त्यावरून कुरबुरी झाल्या, मनं दुखावली. शिकलेले, नेटके राहणारे, इंग्रजी बोलणारे हे आफ्रिकन मिशनच्या अहवालांत ‘गर्विष्ठ’ ठरले. माझ्या मते हा त्या मिशनचा दोष होता आणि तो लहान नव्हता. शरणपूरच्या शाळेत या मुलांना शिकवलं होतं की देवापुढे सगळे सारखे, आणि त्यांनी ते मनापासून खरं मानलं होतं.

आमच्या ग्वाल्हेरलाही परदेशी मिशनरी आले. अलाहाबादला मिशनचा छापखाना उभा करणारे डॉ. जोसेफ वॉरन उतारवयात मुरारच्या छावणीत आले आणि 1877 साली तिथेच वारले. त्यांच्या पत्नीने त्यांच्यामागे मुरारला राहून काम चालू ठेवलं. आमच्या चर्चमधले म्हातारे त्या दोघांविषयी अतिशय प्रेमाने बोलायचे आणि तसंच बोलायला हवं. परक्या देशात येऊन, तिथल्या उन्हात, तिथल्या माणसांत हाडं ठेवणं सोपं नाही. माझी आजी त्यांचं नाव निघालं की उठून उभी राहायची. पण त्याच आजीने एकदा पाळकसाहेबांना विचारलं होतं, “इकडे आले त्यांची नावं मुलांना पाठ करून घेता, ते बरंच आहे. इकडून गेले त्यांची का नाही सांगत?” पाळक भले गृहस्थ. त्यांनी तिला पुढच्या रविवारी शाळेत बोलावून मुलांसमोर बसवलं. तिने तोडक्यामोडक्या हिंदीत जेकबची गोष्ट सांगितली. मी तेव्हा मागच्या बाकावर होते आणि अभिमानाने फुगले होते.

पुढे पंजाब मेलने नाशिक रोडला उतरून मी शरणपूर पाहून आले. सेंट अँड्र्यूज चर्च आहे. बाकी शरणपूर रोड म्हणजे आता दुकानं, बँका, रहदारी. विचारलं तर शरणपूर हे नाव का पडलं, एवढंही सांगणारे थोडे. आफ्रिकन मुलांचं नाव काढल्यावर एका वृद्ध बाई मात्र चटकन म्हणाल्या, “हो, आमच्या घरात सांगायचे.” मला धरून त्यांच्या ओट्यावर बसवलं. त्यांच्याही घरात एक गोष्ट होती, माझ्या आजीच्या गोष्टीशी काही ठिकाणी जुळणारी, काही ठिकाणी वेगळी. मोंबासाकडे फ्रिअरटाउनला गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायच्या त्या घंटेची कमान आजही जपून ठेवली आहे आणि त्या घंटेवरून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. तिथल्या लोकांनी खूण राखली. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 साली मोंबासाला वारला, तोवर लोक त्याला शोधत येत होते.

इकडे आपल्याकडे फक्त घरातल्या गोष्टी उरल्या आहेत, त्याही ज्यांच्या तोंडी होत्या त्यांच्याबरोबर चालल्या आहेत. म्हणून ही विनंती. नाशिक, मनमाड, अहमदनगर, मुंबई, झाशी, ग्वाल्हेर, जिथे कुठे शरणपूरच्या जुन्या घराण्यातलं कुणी असेल, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना या मुलांविषयी विचारावं आणि जे कळेल ते लिहून काढावं. चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची जुनी रजिस्टरं पडून आहेत. ती वाळवी लागायच्या आत कुणीतरी उघडावीत आणि 1875 च्या आधीची आफ्रिकन नावं वेगळी काढावीत. मुलींची नावं आधी शोधावीत, कारण लिव्हिंगस्टनच्या वाटेने गेलेल्या मुलांची थोडीतरी सापडतात, त्यांची अजिबात नाहीत. आणि मराठी मंडळींच्या रविवारच्या शाळांत लिव्हिंगस्टनचा धडा येईल त्या दिवशी शिक्षकांनी जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर ही चार नावं मुलांकडून म्हणून घ्यावीत.